खोट्या रजिस्टरवर एआय चालत नाही

कोल्हापुरात शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या फाउंड्रीत (लोखंड वितळवून वाळूच्या मोल्डमध्ये, म्हणजे साच्यात, ओततात त्या कारखान्यात) सँड लॅबचं रजिस्टर उघडा आणि मॉइश्चरचा, म्हणजे वाळूतल्या ओलाव्याच्या टक्क्यांचा, रकाना वरून खाली वाचत जा. ८ वाजता ३.४. ९ वाजता ३.४. १० ला ३.५, ११ ला ३.४, १२ ला ३.४. जेवणाच्या सुट्टीत लॅबला कुलूप असतं, तरी १ वाजताही ३.४. ज्यानं एकदा तरी मिक्सरखालची वाळू मुठीत दाबून पाहिली आहे, त्याला हा रकाना दाखवा. तो हसेल. सकाळी पहिल्या बॅचला वाळू गार असते, अकरानंतर नॉकआउटवरून (मोल्ड फोडून कास्टिंग काढतात तिथून) परतलेली वाळू गरम होऊन येते, मिक्सरमध्ये तिचं पाणी उडतं, ऑपरेटर वरून आणखी पाणी सोडतो. खरं मॉइश्चर दिवसभर वरखाली नाचत असतं. रजिस्टरमध्ये मात्र ते शाळेच्या रांगेत उभं असतं.

गेल्या दोन-तीन वर्षांत एकही औद्योगिक प्रदर्शन एआयच्या स्टॉलशिवाय पार पडलेलं नाही. भाषणं ठरलेली असतात: उद्योजकानं दूरदृष्टी ठेवावी, नेतृत्व बदलावं, नाहीतर मागे पडाल. फाउंड्रीवाल्यानं त्यातलं काय घ्यावं? माझ्या मते या धंद्यात एआय पहिला अडकतो तो वरच्या रकान्यातच. तो रकाना खरा करून घेणं सॉफ्टवेअरवाल्याच्या हातात नाही, सल्लागाराच्याही नाही. ते काम फक्त मालक करू शकतो, कारण रकाना खोटा होण्याचं कारणही बहुतेक वेळा मालकच असतो. कधीतरी कुणीतरी प्रामाणिकपणे ४.२ लिहिलं, त्या दिवशी नेमकं रिजेक्शन वाढलं, आणि संध्याकाळी केबिनमध्ये त्याची हजेरी घेतली गेली. दुसऱ्या दिवसापासून ३.४.

आधी हिशोब

एआय कशासाठी हवा हे रुपयांत मांडल्याशिवाय पुढं जाऊ नये. धरून चालू की महिन्याला २०० टन पोअरिंग (लोखंड ओतणं) होतं आणि एकूण रिजेक्शन ६% आहे. म्हणजे १२ टन माल परत भट्टीत. लोखंड परत मिळतं. वीज, वाळू, कोअर (कास्टिंगमध्ये पोकळी ठेवणारा वाळूचा ठोकळा), मजुरी आणि फेटलिंग (कास्टिंगची साफसफाई, घासकाम) बुडतं. हा बुडीत खर्च किलोला ३५ रुपये धरला (तुमचा आकडा तुम्ही काढा, तो कमी-जास्त असेल), तर महिन्याला ४ लाख २० हजार गेले. ६ चे ५ टक्के झाले तर महिन्याला ७० हजार, वर्षाला ८ लाख ४० हजार वाचतात. आता कुणी वर्षाला १२ लाखांचा 'प्लॅटफॉर्म' घेऊन आला तर त्याला नुसता खर्च भरून काढायलाच रिजेक्शन जवळजवळ दीड टक्क्यानं खाली आणावं लागेल. त्याच्या स्लाइडवर लिहिलेली 'नव्वद टक्के अचूकता' या हिशोबात कुठंच बसत नाही.

सगळं रिजेक्शन एका भावाचं नसतं, हेही इथंच लिहून ठेवा. फेटलिंगला सापडलेला ब्लो होल (वायू अडकून पडलेलं छिद्र) स्वस्त पडतो. तोच ब्लो होल गिऱ्हाइकाच्या मशीन शॉपमध्ये, बोअरिंगच्या शेवटच्या पासला उघडा पडला, तर मशिनिंगचं डेबिट, वाहतूक आणि वर एट-डी रिपोर्ट (दोषाचं मूळ कारण आणि उपाय गिऱ्हाइकाला लिहून द्यायचा ठरलेला नमुना). म्हणून मॉडेलला (जुन्या नोंदींवरून शिकून अंदाज बांधणाऱ्या प्रोग्रामला) 'रिजेक्शनचे नग कमी कर' असं काम न देता 'रुपये वाचव' असं द्यायचं. दोन्हींची उत्तरं वेगळी येतात.

कुठून सुरुवात करू नये

प्रदर्शनात सगळ्यात देखणा असतो तो कॅमेरा. कास्टिंग बेल्टवरून येतं, पडद्यावर लाल चौकोन उमटतो, दोष सापडला! मालक तिथंच भाळतो. स्टॉलवरचा नमुना स्वच्छ असतो, दिवा ठरलेल्या जागी असतो, दोष ठळक असतो. शॉपमध्ये शॉट ब्लास्टिंगहून (बारीक छऱ्यांच्या माऱ्यानं साफ होऊन) आलेलं कास्टिंग चकचकीत राखाडी दिसतं, दोन दिवसांनी त्यावर पिवळसर छटा येते, आणि जुलैच्या कोल्हापुरी पावसात एका रात्रीत लालसर गंज चढतो. माणसाला हे तिन्ही एकच वाटतात. उन्हाळ्यात शिकवलेल्या कॅमेऱ्याला गंजाचा डाग दोष वाटतो आणि काळं छिद्र सावली. त्यावर उपाय आहेत: ब्लास्टिंगनंतर ठरावीक वेळेतच तपासणी, चहूबाजूंनी सारखा प्रकाश देणारा घुमट, प्रत्येक आयटमसाठी फिक्श्चर (नग ठरलेल्या जागी धरणारी पकड). पण हे सगळं उभं करायचं तर तो कॅमेऱ्याचा प्रकल्प राहत नाही, शॉपची मांडणी बदलायचा प्रकल्प होतो.

शिवाय आकड्यांची एक गंमत आहे, ती कुणी आपण होऊन सांगत नाही. दिवसाला १००० नग, त्यातले ३० खराब. कॅमेरा खराब नगांपैकी ९५% पकडतो आणि चांगल्या नगांपैकी फक्त ५% वर चुकून बोट ठेवतो, असं समजा. ऐकायला उत्तम. तर तो २८-२९ खराब नग पकडेल आणि ९७० चांगल्यांपैकी ४८-४९ बाजूला काढेल. बाजूला काढलेल्या ७७ नगांत खरोखर खराब किती? ३७ टक्के. बाकीचे पुन्हा हातानं तपासायचे. आठवड्याभरात इन्स्पेक्टर लाल चौकोनाकडं बघणं सोडतो, आणि एकदा सोडलं की परत बघत नाही.

कॅमेऱ्याला माझा विरोध नाही. पण तो तिसरा घ्यावा. पहिली कागदपत्रं, कारण ती उद्या सकाळी सुरू होतात. दुसरी वाळू आणि धातूची नोंद, कारण खरे पैसे तिथं आहेत.

एक ओळ, वीस-पंचवीस रकाने

वाळूवरून दोषाचा अंदाज बांधायचा तर कास्टिंग आणि ते ज्या वाळूत ओतलं ती वाळू यांची गाठ बांधावी लागते. बहुतेक शॉपमध्ये ती नसते. रजिस्टरं चार: सँड लॅबचं, मेल्टिंगचं, मोल्डिंगचं, इन्स्पेक्शनचं. चौघांची घड्याळं वेगळी. इन्स्पेक्शनला 'आज ४२ रिजेक्ट' एवढंच असतं. ते कधी ओतलेले, कुठल्या हीटचे (भट्टीच्या कुठल्या भरणीचे), कुणाला ठाऊक नाही.

ही गाठ हीट कोडनं बांधतात. पॅटर्नवर (ज्याचा वाळूत ठसा घेतात त्या नमुन्यावर) तारीख-पाळीची फिरती चकती बहुतेकांकडं असते, पण ती पाळीला एकदा फिरते. आठ तासांची वाळू एका कोडखाली गेली की उपयोग शून्य. निदान प्रत्येक हीटला कोड बदलला पाहिजे. आरपा या साध्या मोल्डिंग मशीनवर हातानं काम करणाऱ्या छोट्या शॉपमध्ये चकतीच्या भानगडीत न पडता बॉक्सवर (मोल्डच्या चौकटीवर) खडूनं हीट नंबर आणि मोल्डमध्ये अंकाचा ठसा, एवढ्यावरही भागतं. ठसा मशिनिंगच्या बाजूला नको, नाहीतर पहिल्याच कटला पुरावा निघून जातो.

मग एका हीटमधल्या एका आयटमची एक ओळ. त्यात काय हवं ते सांगतो: हीट नंबर, आयटम, मोल्डिंग सुरू झाल्याची वेळ, पोअरिंगची सुरुवात आणि शेवट, टॅपिंगचं (भट्टीतून लोखंड काढतानाचं) तापमान, पहिल्या आणि शेवटच्या बॉक्सचं तापमान, स्पेक्ट्रोवरून (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्रावरून) कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, सल्फर, फॉस्फरस, त्यावरून सीई, म्हणजे कार्बन इक्विव्हॅलंट (कार्बन अधिक सिलिकॉन-फॉस्फरसच्या बेरजेचा तिसरा हिस्सा), इनॉक्युलंट (लोखंड कडक होऊ नये म्हणून ओतण्याआधी मिसळतात ते) किती किलो, वाळूचं मॉइश्चर, कॉम्पॅक्टिबिलिटी (दाबल्यावर वाळू किती टक्के बसते), जीसीएस (ओल्या वाळूची दाब सोसायची ताकद), परमिॲबिलिटी (वाळूतून वायू किती सहज निघतो), वाळूचं तापमान, ओतलेले बॉक्स, चांगले नग, आणि दोषानुसार खराब नग. ॲक्टिव्ह क्ले (दाणे बांधणारी कामाची माती) आणि एलओआय (वाळूतला जळून जाणारा भाग) दिवसातून एकदा, दाण्याची जाडी आठवड्यातून एकदा. ते आकडे त्या-त्या दिवसाच्या सगळ्या ओळींना लागतात.

यातले 'पहिल्या आणि शेवटच्या बॉक्सचं तापमान' हे दोन रकाने मी कुणालाही गाळू देणार नाही. बहुतेक ठिकाणी फक्त टॅपिंगचं तापमान लिहितात. भट्टीतून १४५० अंशांना निघालेलं लोखंड लाडलमध्ये (ओतायच्या भांड्यात), चालत-चालत, थांबत-थांबत शेवटच्या बॉक्सपर्यंत किती उतरतं त्यावर कोल्ड शट (गार पडलेले लोखंडाचे प्रवाह एकजीव न होण्याचा दोष) ठरतो. इनॉक्युलेशनचा परिणामही मिनिटामिनिटाला ओसरतो. उशिरा ओतलेल्या बॉक्सच्या पातळ कडा मशिनिंगला कडक लागतात आणि टूल खातात. टॅपिंगच्या एका आकड्यातून मॉडेलला यातलं काहीच दिसत नाही.

एक चूक जवळजवळ सगळे करतात. वाळूचं रीडिंग पोअरिंगच्या वेळेशी जोडतात. पण १० वाजता लॅबनं तपासलेली वाळू हॉपरमधून मोल्डिंगला दहा-वीस मिनिटांनी पोचते, मोल्ड बंद होऊन लाइनवर थांबतो आणि ओततात पाऊण तासानं. पोअरिंगच्या वेळेचं रीडिंग घेतलं तर ती पुढच्याच वाळूची जन्मपत्रिका होते. मोल्डिंगच्या वेळेच्या आधीचं, सगळ्यात जवळचं रीडिंग घ्यायचं.

५०० किलोची भट्टी दोन पाळ्यांत दिवसाला चौदा-पंधरा हीट काढते. महिन्याला साडेतीनशेच्या घरात हीट, दर हीटला एक-दोन आयटम. वर्षभरात सहा-सात हजार ओळी. हा डेटा एआयच्या जगात चिमूटभर आहे, आणि ते चांगलंच आहे. केंद्र सरकारनं मार्च २०२४ मध्ये इंडियाएआय मिशनला १०,३७१.९२ कोटी रुपये मंजूर केले, त्यातून सवलतीत जीपीयू (मोठे एआय चालवणाऱ्या ताकदवान चिप) मिळतात, म्हणून 'आपणही जीपीयू घेऊ' असं कुणी सुचवलं तर चहा पाजून परत पाठवा. सात हजार ओळींवर डिसिजन ट्री जातीचं (हो-नाही प्रश्नांच्या फांद्यांनी अंदाज बांधणारं) मॉडेल साध्या लॅपटॉपवर मिनिटभरात शिकतं. प्रोग्राम लिहायला चॅटबॉट मदत करतो. अवघड काय असेल तर ओळी खऱ्या असणं.

जुनी रजिस्टरं वाचताना

जुन्या रजिस्टरांचे मोबाइलवर फोटो काढून चॅटबॉटकडून तक्ता करून घेता येतो आणि ते बऱ्यापैकी जमतं. पण आपल्याकडं एकाच पानावर मराठी आणि इंग्रजी आकडे मिसळलेले असतात. सकाळच्या पाळीचा माणूस मराठी आकडे काढतो, रात्रीचा इंग्रजी. मराठी १ घाईत लिहिला की हुबेहूब इंग्रजी नऊ दिसतो, मराठी ४ इंग्रजी आठासारखा. म्हणजे ३.१ चं मॉइश्चर तक्त्यात ३.९ होतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण ३.९ अशक्य नाही. अशक्य आकडा पकडायला मर्यादा लावता येते. शक्य पण चुकीचा आकडा पकडायला एकच मार्ग आहे. कुठलीही १०० रीडिंग निवडा, दोन माणसांकडून वेगवेगळी हातानं टाइप करून घ्या आणि चॅटबॉटच्या तक्त्याशी ताडून पाहा. शंभरात तीन-चारपेक्षा जास्त चुकले तर ते रजिस्टर हातानंच भरा. आणि आजपासून सगळ्या पाळ्यांना एकच लिपी. कुठली ते महत्त्वाचं नाही.

रीडिंग खरी आहेत का हे तपासायलाही महागडं काही लागत नाही. तीन दिवस, कुणालाही न सांगता ठरवलेल्या वेळांना, लॅबबाहेरच्या माणसानं वीस नमुने घेऊन मॉइश्चर काढावं. त्या वीस आकड्यांचा पसारा (आकडे किती वरखाली होतात ते) आणि रजिस्टरमधल्या त्याच तीन दिवसांचा पसारा शेजारी ठेवा. रजिस्टरचा पसारा अर्ध्यानं कमी असेल तर गेल्या वर्षाचा डेटा टाकून द्या. टाकायला जीव होत नाही, ठाऊक आहे. पण त्यावर शिकलेलं मॉडेल आत्मविश्वासानं सांगेल की मॉइश्चरचा ब्लो होलशी काही संबंध नाही. त्याचंही बरोबरच, ३.४ चा कशाशीच संबंध नसतो.

दोषांची नावं हा दुसरा खड्डा. एक इन्स्पेक्टर ज्याला ब्लो होल म्हणतो त्याला दुसरा सँड ड्रॉप म्हणतो, तिसरा 'होल' लिहून मोकळा होतो. ब्लो होल म्हणजे आत अडकलेला वायू, कडा गुळगुळीत. सँड इन्क्लूजनचा, म्हणजे धातूत अडकलेल्या वाळूचा, खड्डा खरबरीत, तळाशी दाणे. पहिल्याचं कारण जास्त ओलावा किंवा कमी परमिॲबिलिटी, दुसऱ्याचं बहुधा कोरडी, ठिसूळ वाळू. दोघांचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध! दोन्ही एकाच नावाखाली भरले की मॉडेलला पाणी वाढवावं की कमी करावं हेच कळत नाही. सहा दोष निवडा, प्रत्येकाचे पाच फोटो मोठे करून इन्स्पेक्शन टेबलासमोर लावा. मग पन्नास खराब नग दोन इन्स्पेक्टरना वेगवेगळे द्या. चाळीसपेक्षा कमी नगांवर एकमत झालं तर आधी ते निस्तरा. आणि मॉडेल दोषागणिक वेगळं करा. 'एकूण रिजेक्शन' नावाचा दोष वाळूला माहीत नसतो.

निकाल तपासताना

सॉफ्टवेअरवाला डेटा मिसळून त्यातल्या ८० टक्के ओळींवर शिकवतो आणि उरलेल्या २० टक्क्यांवर तपासतो. फाउंड्रीत हे चालत नाही. एकाच हीटच्या दोन ओळी, एक शिकण्यात आणि एक परीक्षेत, म्हणजे पेपर फुटला. तारखेनं तोडा: जानेवारी ते ऑगस्ट शिकवा, सप्टेंबर-ऑक्टोबर तपासा. त्यातही ताजे दीड महिने बाजूला ठेवा, कारण गिऱ्हाइकाकडचं मशिनिंगचं रिजेक्शन पंधरा-तीस दिवसांनी येतं; तोवर तक्त्यात 'चांगले' दिसणारे काही नग खरे चांगले नसतात. डिसेंबर ते मे वर शिकवून जुलैत लावलेलं मॉडेल तर हमखास तोंडघशी पडतं. पावसाळ्यात नवी वाळू भिजून येते, बेंटोनाइटच्या (वाळू बांधणाऱ्या मातीच्या) पोत्यांना ओल लागते, कोअर हवेतलं पाणी ओढतात. एक पूर्ण पावसाळा डेटात असल्याशिवाय मॉडेलच्या सांगण्यावरून लाइन चालवू नये.

तुलना कुणाशी करायची? शून्याशी नाही. पातळ भिंतीचा आयटम जास्त मरतो हे मॉडेलनं शोधून काढलं तर त्याचं कौतुक कशाला, ते पॅटर्न शॉपच्या पोऱ्यालाही माहीत आहे. आयटमच्या सरासरीपेक्षा मॉडेल सरस आहे का ते पाहा. आणि सँड प्लांटवरच्या जुन्या माणसापेक्षा. त्याला रोज सकाळी एका कागदावर लिहायला सांगा की आज कुठल्या आयटमला त्रास होईल. महिनाभर तो कागद आणि मॉडेल शेजारी ठेवा. पुष्कळदा तो माणूस पुढं असतो. ते मशीन विकणाऱ्याला आवडत नाही, पण मालकाला कळायला हवं.

मॉडेल काहीतरी सांगू लागलं की आणखी एक सापळा. समजा त्यानं दाखवलं की पाणी जास्त घातलेल्या तासांत सँड इन्क्लूजन जास्त आहे. उतावळा माणूस पाणी तोडेल. पण ऑपरेटर पाणी वाढवतो तेच मुळी वाळू गरम आणि कोरडी आली म्हणून. दोष गरम वाळूचा, आळ पाण्यावर. खात्री करायची तर प्रयोग करावा लागतो: एकच आयटम, एका पाळीला कॉम्पॅक्टिबिलिटी ३८, दुसऱ्या पाळीला ४२, दहा दिवस आलटून-पालटून. (हे आकडे हाय-प्रेशर लाइनचे, साध्या मशीनवर तुमची पट्टी वेगळी असेल.) दहा दिवसांत जे कळतं ते दहा हजार ओळींतून कळत नाही.

मालकानंच करायची कामं

पहिलं: जितके महिने डेटा गोळा करायचा तितके महिने रिजेक्शनवरून कुणाचाही इन्सेंटिव्ह कापायचा नाही. पाळीचा बोनस पाळीच्या रिजेक्शनला बांधलेला असेल तर प्रत्येक पाळी आपले खराब नग दुसऱ्या पाळीच्या ढिगात सरकवते. हे माहीत नसलेला सुपरवायझर मिळणार नाही, फक्त मालकापुढं कुणी बोलत नाही. त्याऐवजी पूर्ण भरलेल्या ओळींवर थोडे पैसे लावा. आणि पहिल्यांदा कुणी ४.२ लिहील तेव्हा सगळ्या शॉपचं लक्ष तुमच्या चेहऱ्याकडं असेल. तिथं भुवई वर गेली तरी संपलं.

दुसरं: घंटा वाजल्यावर कोण काय करणार हे कागदावर. रात्री अकराला मॉडेलनं इशारा दिला, सकाळी सहाला गाडी निघायची आहे, पाळीचा इन्चार्ज लाइन थांबवेल? नाही थांबवणार, आणि त्याला दोषही देता येणार नाही. म्हणून अधिकार आधीच द्यावा लागतो. इशारा आला की पाच मिनिटांत वाळूचा ताजा नमुना. कॉम्पॅक्टिबिलिटी मर्यादेबाहेर असेल तर मिक्सरची पुढची बॅच दुरुस्त करायची, तोवर मोल्डिंग चालू पण तो आयटम बदलायचा. मर्यादेत असेल तर ओतलेल्यांतला एक बॉक्स लवकर फोडून बघायचा. पाळीला दोनापेक्षा जास्त इशारे यायला लागले तर मॉडेलची पट्टी (किती धोका दिसला की इशारा द्यायचा ती हद्द) वर न्यायची. जास्त इशारे देणारं मॉडेल आणि इशारे न देणारं मॉडेल, दोन्ही शॉपमध्ये सारखीच असतात.

तिसरं, सँड प्लांटवरचा तो जुना माणूस. त्याला वाटतं की त्याच्या मुठीतलं ज्ञान काढून घेऊन त्याला घरी बसवणार. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९०३ मध्ये तयार झाला, तरी पहिला नग विकायला दोन वर्षं गेली. लोखंडानं जमीन नासते अशी शेतकऱ्यांची धारणा होती. तिथं निदान घेणारा बाहेरचा होता. इथं नकार देणारा तुमच्याच पगारावर आहे, आणि तो तोंडानं होकार देऊन हातानं नकार देतो. यावर मला एकच उपाय खरा वाटतो: दोषाचं अंतिम नाव तो ठरवणार, मॉडेलची पट्टी वर-खाली करायचा शब्द त्याचा, आणि हे सगळ्यांसमोर जाहीर करायचं. त्याची नोकरी जाणार असेल तर त्याच्याकडून डेटाची अपेक्षा ठेवू नका.

कागदपत्रांबद्दल

कोटेशनची मेल, एट-डी रिपोर्ट, ऑडिटची उत्तरं ही कामं चॅटबॉट तासांवरून मिनिटांवर आणतो. गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग मात्र फुकटच्या खात्यावर टाकू नये. गोपनीयतेचा करार तुम्ही सही करून दिलेला असतो. २०२३ मध्ये सॅमसंगच्या इंजिनिअरांनी कंपनीचा अंतर्गत कोड चॅटजीपीटीत टाकला आणि कंपनीला अशा साधनांवर बंदी घालावी लागली. पैसे भरून कंपनीच्या नावाचं खातं घ्या, शिकवणीसाठी डेटा न वापरण्याची अट करारात बघा, आणि ड्रॉइंगवरचं नाव-नंबराचं कोष्टक झाकूनच फोटो काढायची सवय लावा.

एट-डीमध्ये चॅटबॉट फार सुंदर मूळ कारण लिहितो. इतकं सुंदर, की ते घडलंच नव्हतं हे विसरायला होतं. 'ऑपरेटरचं प्रशिक्षण अपुरं, पुन्हा प्रशिक्षण दिलं' हे वाक्य त्यानं हजारो रिपोर्टांतून उचललेलं आहे. तुमच्या सहीनं गेलेलं उत्तर तुमचंच असतं. एअर कॅनडाच्या चॅटबॉटनं एका प्रवाशाला सवलतीचा चुकीचा नियम सांगितला. चॅटबॉट ही वेगळीच जबाबदार गोष्ट आहे असा बचाव कंपनीनं केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या लवादानं तो फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली. त्यामुळं नियम असा: चॅटबॉटला आधी हीटची ओळ द्यायची, मग लिहायला सांगायचं, आणि ओळीत नसलेला एकही आकडा रिपोर्टात राहू द्यायचा नाही.

मराठीत कामाच्या सूचना लिहून घेणं आता परवडतं. ओपनएआयनं मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ आणताना दिलेल्या नमुना वाक्याला मराठीत आधी ९६ टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत तोडतं ते) लागायचे, नव्या पद्धतीत ३३. खर्च टोकनवर असल्यामुळं हा फरक थेट बिलात दिसतो. पण शब्दांवर पहारा ठेवा. त्याला मोकळं सोडलं तर कोअरचा 'गाभा' होतो, रायझरचा 'उदयक' की काय ते होतं, आणि मोल्डची एखाद्या दिवशी चक्क 'बुरशी' होते. शॉपमध्ये बोलले जाणारे साठ-सत्तर शब्द (मोल्ड, कोअर, लाडल, रनर, गेट, स्लॅग, चॅपलेट) एका यादीत लिहा आणि प्रत्येक वेळी ती यादी आधी द्या. मोल्डिंगवर बिहार-ओडिशाची पोरं असतील तर त्यांच्या भाषेतही तीच सूचना, तेच शब्द तसेच ठेवून.

विकणाऱ्याशी बोलताना आणि नंतर

सहा महिन्यांचा डेटा द्या, पण शेवटच्या दोन महिन्यांचे रिजेक्शनचे रकाने झाकून. त्यानं ते भरून दाखवावेत. जमलं तर पुढचं बोलणं. डेटा कुणाचा, करार संपल्यावर शिकलेलं मॉडेल तुमच्याकडं राहणार की नाही, नेट गेल्यावर काय, आणि तुमचाच डेटा शेजारच्या गाळ्यातल्या स्पर्धकाच्या मॉडेलला शिकवणार का, हे चार प्रश्न सहीच्या आधी. शेवटच्या प्रश्नावर तो अडखळला तर थांबा.

मॉडेल बसल्यावर सँड प्लांटच्या भिंतीला एक वही टांगा. बेंटोनाइटचा पुरवठादार बदलला, कोल डस्टचा नवा लॉट आला, पॅटर्नचं गेटिंग (धातू आत जायचा मार्ग) बदललं, मिक्सरचे ब्लेड नवे बसवले: तारीख आणि एक ओळ. अशा प्रत्येक ओळीनंतर मॉडेल निदान आठवडाभर आंधळं असतं, कारण ते जुन्या शॉपवर शिकलेलं असतं. झिलोसारखी मोठी अमेरिकन कंपनी अल्गोरिदमच्या अंदाजावर घरं विकत घ्यायची. बाजार हलला, अंदाज चुकत गेले, नोव्हेंबर २०२१ मध्ये तो धंदाच गुंडाळला आणि चतुर्थांश कर्मचारी घरी गेले. आपल्याकडं तेवढी उडी नाही, पण बेंटोनाइटच्या एका नव्या ट्रकनं तोच प्रकार २०० टनांवर होऊ शकतो.

बंद कधी करायचं हेही सुरू करतानाच ठरवा. सलग दोन आठवडे मॉडेल आयटमच्या सरासरीपेक्षा वाईट निघालं तर इशारे बंद. केबिनमध्ये चर्चा नको, वाट बघणं नको. इशारे बंद असले तरी तासातासाची रीडिंग, हीट कोड आणि दोषांची नावं तशीच चालू ठेवायची. मॉडेल पुन्हा शिकवताना तीच लागतात, आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडतो तेव्हा सगळ्यात आधी.